स्मार्टवॉच : पाणी मुरते कुठे?

पावसाळा तोंडावर आला की छत्र्या-रेनकोटांच्या जोडीने हल्ली स्मार्टवॉचच्या जाहिरातीही ओल्या होऊ लागतात. तरणतलावात सूर मारणारा तरुण, मनगटावर उजळलेला पडदा आणि त्याखाली पाण्याला न घाबरण्याची ग्वाही, असे त्यांचे साधारण रूप असते. त्याच घड्याळासोबत मिळणाऱ्या हमीपत्रात मात्र पाणी शिरल्याने झालेला बिघाड हमीच्या कक्षेत येत नाही, असे बारीक अक्षरांत नमूद केलेले असते. सरसकट सर्वच कंपन्या असे करतात असे नव्हे. परंतु दीड-दोन हजार रुपयांच्या घड्याळापासून महागड्या घड्याळापर्यंत हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की, या दोन विधानांमधले अंतर तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

घड्याळांसाठी असलेले आयएसओ २२८१० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१० सालचे आहे. 'वॉटर रेझिस्टन्ट' म्हणजे पाण्याला प्रतिकार करणारे, एवढेच ते म्हणते. 'वॉटरप्रूफ' हा दुकानातला आणि जाहिरातीतला शब्द. प्रतिकाराला मर्यादा असते आणि ती मर्यादा आकड्यांत सांगावी लागते. ग्राहकाचा पहिला गोंधळ या आकड्यांपाशीच होतो, कारण बाजारात दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या एकाच वेळी वापरात आहेत.

पहिली मोजपट्टी 'आयपी' या अक्षरांची. ती मुळात घड्याळांसाठी नाहीच. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणाच्या आवरणासाठी ती तयार झाली. 'आयपी ६७' मधला ६ हा आकडा धुळीविषयी असून ७ हा आकडा पाण्याविषयी आहे. एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही अपायकारक प्रमाणात पाणी आत जात नाही, असा त्याचा अर्थ. 'आयपी ६८' त्याहून कडक खरे, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक स्वतः ठरवतो. त्यामुळे 'आयपी ६८' लिहिलेली दोन घड्याळे एकसारखी असतीलच असे नाही. शिवाय बुडवण्याची चाचणी आणि पाण्याच्या झोताची चाचणी वेगवेगळी आहे. बादलीत तासभर शांतपणे पडून राहिलेले घड्याळ नळाच्या धारेखाली टिकेल, असे ७ किंवा ८ हा आकडा सांगत नाही. झोतासाठी ५ आणि ६ हे आकडे स्वतंत्र आहेत.

दुसरी मोजपट्टी 'एटीएम' ची. बँकेच्या यंत्राशी तिचा संबंध नाही. ॲटमॉस्फिअर, अर्थात वातावरणाचा दाब, याचे ते लघुरूप. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणून '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर. पण हे ५० मीटर प्रयोगशाळेतले आहेत. नवे कोरे घड्याळ साध्या पाण्यात ठेवून त्यावर तेवढा स्थिर दाब दहा मिनिटे दिला जातो. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे वेगळे मानक असून त्यात प्रत्येक घड्याळ नोंदवलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावे लागते. बहुतेक स्मार्टवॉच त्या वाटेला जात नाहीत.

याबाबत एक गैरसमज फार दृढ आहे. पोहताना हात मारला की दाब कैकपटीने वाढतो आणि म्हणून ५० मीटरचे घड्याळही पाणी पिते, असे दुकानदार सांगतात. शाळेतले भौतिकशास्त्र याला दुजोरा देत नाही. सेकंदाला पाच मीटर या वेगाने हात पाण्यात फिरला तरी त्याने वाढणारा दाब सव्वा मीटर खोलीइतका भरतो. दहा मीटर उंचीवरून तलावात उडी मारली तर पाण्याला टेकतेवेळी वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो. तो दाबही दहा मीटर खोलीच्याच आसपास. तेव्हा सुस्थितीतल्या '५ एटीएम' घड्याळाला पोहण्याने धोका नाही. एक मीटरच्या 'आयपी ६७' घड्याळाला मात्र हाच सव्वा मीटर महागात पडू शकतो.

मग पाणी शिरते कसे? याचे उत्तर दाबापेक्षा वयात अधिक आहे. घड्याळाच्या आवरणाच्या सांध्यात रबरी कडे किंवा डिंकाचा थर असतो. मायक्रोफोनच्या सूक्ष्म छिद्रावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पातळ पडदा असतो. घाम, अत्तर, सनस्क्रीन, कडक ऊन यांनी रबर ताठर होते आणि डिंक सुटू लागतो. घड्याळ एकदा फरशीवर आपटले की सांध्यात केसाएवढी फट पडते, ती डोळ्यांना दिसत नाही. बॅटरी फुगली तर ती आतूनच पडदा वर ढकलते. साबणाचा दोष आणखी निराळा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि साधे पाणी जिथे अडले असते तिथून साबणाचे पाणी झिरपते. गरम पाण्याच्या वाफेचेही तसेच. थोडक्यात, खोल तलावापेक्षा घरची मोरी आणि भांड्यांचा ओटा घड्याळाला अधिक जाचक.

जुन्या मनगटी घड्याळाच्या काचेवर आतून वाफ धरली की घड्याळजी मागचे झाकण उघडून ते सुकवी, तेल घाली, नवे कडे बसवी. स्मार्टवॉचच्या बाबतीत हा मार्ग जवळपास बंद आहे. डिंकाने चिकटवलेले आवरण एकदा उघडले की पूर्वीसारखे बसेलच याची खात्री कोणी देत नाही. आपल्या घड्याळाचा जलप्रतिकार कायमस्वरूपी नाही आणि तो पुन्हा तपासता किंवा नव्याने बसवता येत नाही, असे ॲपल कंपनी स्वतःच ग्राहकांना सांगते. हे प्रामाणिक आहे. पण ते मदतीच्या पानावर असते, जाहिरातीत नव्हे.

ही तफावत न्यायालयापर्यंत गेली ती फोनच्या निमित्ताने. ऑस्ट्रेलियातील स्पर्धा व ग्राहक आयोगाने २०१९ मध्ये सॅमसंगच्या तेथील कंपनीविरुद्ध दावा लावला. २०१६ ते २०१८ या काळातील जाहिरातींत गॅलॅक्सी फोन तलावात आणि समुद्रात बिनदिक्कत वापरता येतात असे चित्र होते. प्रत्यक्षात तशा पाण्यात बुडाल्यावर फोन पुरता सुकण्याआधी चार्जिंगला लावला, तर चार्जिंगची जागा गंजून फोन निकामी होण्याचा मोठा संभव होता. कंपनीने चूक मान्य केली आणि जून २०२२ मध्ये तेथील संघराज्य न्यायालयाने १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला होता. आयफोनचा जलप्रतिकार केवळ प्रयोगशाळेतल्या शुद्ध, स्थिर पाण्यात खरा ठरतो हे स्पष्ट सांगितले नाही आणि वर भिजलेल्या फोनला हमीही नाकारली, असा नियामकाचा आक्षेप होता.

ऑस्ट्रेलियातले हे प्रकरण घड्याळांनाही जसेच्या तसे लागू पडते. कित्येक स्वस्त स्मार्टवॉचच्या पाठीवर चार्जिंगसाठी धातूचे उघडे ठिपके असतात. त्यांवर घामाचा किंवा समुद्राचा खार असताना वीजप्रवाह सोडला की विद्युत अपघटन होऊन धातू खाल्ला जातो. तारकर्लीच्या किंवा गोव्याच्या समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, पुरते सुकू देऊन मगच चार्जरला लावायचे, याचे कारण हेच. भिजलेले घड्याळ तांदळात पुरण्याचा घरगुती उपाय मात्र सोडलेला बरा. तांदळाचे कण आणि भुकटी छिद्रांत अडकते. फोनच्या बाबतीत ॲपलनेही तसे न करण्याचा सल्ला दिलेला आहे.

भारतात कायद्याची उणीव नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते प्रथम १० लाख आणि पुन्हा तोच प्रकार घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो आणि त्याने दाव्यालाच छेद देऊन चालत नाही. 'पोहा, भिजा' असे मोठ्या अक्षरांत आणि 'पोहण्यासाठी नाही' असे तळटिपेत लिहिणे यात बसणारे नाही. जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते. अडचण पुराव्याची आहे. घड्याळात पाणी आहे एवढे दाखवून सेवा केंद्र हात वर करते. ते पाणी दाव्याच्या मर्यादेत असतानाच शिरले, हे दाखवणे ग्राहकाच्या गळ्यात पडते. म्हणून खरेदीच्या वेळचे बिल, खोके आणि जाहिरातीचे छायाचित्र जपून ठेवावे लागते, कारण संकेतस्थळावरचा मजकूर कधीही बदलू शकतो.

दोन हजारांचे घड्याळ गेले तर हळहळ होते, एवढेच. परंतु घरातल्या वृद्धांसाठी, पडल्यास नातेवाइकांना आपोआप संदेश धाडणारे घड्याळ म्हणून जे विकत घेतले जाते, त्याची गोष्ट वेगळी आहे. वृद्ध माणसे घसरतात ती बहुधा ओल्या न्हाणीघरात, आणि साबण व कढत पाण्याच्या भीतीने घड्याळ नेमके त्याच वेळी काढून बाहेर ठेवलेले असते. अशा कामासाठी 'आयपी ६७' पुरेसे नाही. किमान '५ एटीएम' असलेले, अंघोळीत घालण्यास उत्पादकाने लेखी परवानगी दिलेले घड्याळ घेणे, साबण लागल्यास ते साध्या पाण्याने धुणे आणि दोन-तीन वर्षांनी ते अजून तितकेच घट्ट आहे असे गृहीत न धरणे, एवढे करावेच लागते. न्हाणीघरात हाताला येईल असा आधाराचा दांडा भिंतीत बसवून घेण्याचा खर्च याहून कमी येतो, आणि त्याला चार्जिंगही लागत नाही.