विश्लेषण : इंजिन ऑईल पार्सलने जाते, मग बॅटरीचे ॲसिड का नाही?

रायगड किनाऱ्यावरच्या मुरुडला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक रोहा. दुचाकी, रिक्षा किंवा मासेमारी होडीच्या इंजिनासाठी हवे ते तेल, कूलंट वा ब्रेक ऑईल गावात मिळाले नाही, की ते पार्सलने मागवले जाते. नको असलेला डबा परत पाठवायचा असतो, कधी जुन्या तेलाचा नमुना तपासणीसाठी शहरात धाडायचा असतो. मात्र गॅरेजच्या एकाच फळीवर बसणारे हे सगळे द्रव टपालाच्या नियमांत एका रांगेत बसत नाहीत.

कायदा काय सांगतो?

१८९८च्या टपाल कायद्यातील कलम १९ने स्फोटक, धोकादायक आणि अपायकारक पदार्थ टपालाने पाठवण्यास मनाई केली होती. त्या कायद्याची जागा घेणारा टपाल कार्यालय कायदा, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. कायदा बदलला, तरी धोकादायक वस्तूंवरची बंदी कायम आहे. त्यात विमानाचाही मुद्दा येतो. स्पीड पोस्टच्या पिशव्या अनेक मार्गांवर प्रवासी विमानांतून जातात. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट सेवाही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. मुरुडहून एसटीच्या रस्त्याने निघालेले पार्सल पुढे कशातून जाईल, हे पाठवणारा ठरवत नाही.

‘धोकादायक’ कशावरून ठरते?

पहिली कसोटी फ्लॅश पॉइंटची. द्रवाची वाफ ज्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते, तो हा अंक. आंतरराष्ट्रीय वाहतूक नियमांत तो साधारण ६० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असेल, तर द्रव ज्वलनशील मालात मोडतो. पेट्रोलचा अंक उणे ४० अंशांच्या आसपास आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा किमान अंक ३५ अंश. नव्या इंजिन ऑईलचा बहुधा २०० अंशांच्या वर असतो, म्हणून सीलबंद इंजिन ऑईल या वर्गात येत नाही. साधे ब्रेक ऑईल आणि कूलंट यांचा अंकही बहुतेक १०० अंशांपलीकडे असतो.

दुसरी कसोटी रासायनिक गुणाची. बॅटरीतले ॲसिड पेटत नाही, पण ते सल्फ्युरिक ॲसिड आहे. कातडी, कापड आणि धातू खाते. तिसरी कसोटी दाबाची. कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रे डब्यात ज्वलनशील द्रव दाबाखाली भरलेला असतो. पेट्रोल, ॲसिड आणि असे स्प्रे साध्या पार्सलमध्ये घालायचेच नसतात.

घोळ कुठे होतो?

नावात. ‘बॅटरीचे पाणी’ म्हणजे शुद्ध केलेले पाणी, निरुपद्रवी. पण त्याच नावाखाली कोणी ॲसिडची बाटली पाठवली, तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला फरक दिसत नाही. ‘ऑईल’ हा शब्दही फसवा आहे. टू-स्ट्रोक ऑईलमध्ये रॉकेलसारखा द्रावक मिसळलेला असू शकतो, त्यामुळे त्याचा फ्लॅश पॉइंट साध्या इंजिन ऑईलपेक्षा बराच खाली येतो. वापरलेल्या तेलात डिझेल वा पेट्रोल उतरलेले असेल, तर डब्यावर छापलेल्या माहितीचा उपयोग उरत नाही.

चुकीच्या नोंदीची किंमत ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत दिसली. व्हॅल्यूजेटच्या विमानात न वापरलेली ऑक्सिजन जनित्रे ‘रिकामी’ म्हणून चढवली गेली. मालकक्षात आग लागून विमान कोसळले आणि ११० जणांचा जीव गेला. तो माल टपालाचा नव्हता, पण धडा तोच आहे : खोक्यात काय आहे हे फक्त पाठवणाऱ्याला ठाऊक असते, आणि पुढची सगळी साखळी त्याच्या शब्दावर चालते.

पेटत नाही, तर काळजी कशाची?

गळतीची. कूलंटमधले एथिलिन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते; फुटलेल्या पार्सलमधून ते मुलांच्या किंवा जनावरांच्या तोंडी जाऊ शकते. ब्रेक ऑईल रंग खाते. शिवाय ते हवेतली आर्द्रता ओढून घेते, म्हणून उघडलेला डबा किनाऱ्यावरच्या दमट हवेतून पाठवण्यात फायदाही नाही. एका डब्याचे तेल पिशवीत सांडले, तर इतरांची कागदपत्रे आणि औषधेही खराब होतात.

मग पाठवायचे कसे?

आधी उत्पादकाची सुरक्षा माहिती पत्रिका पाहावी. तिच्या नवव्या भागात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्या भागात वाहतुकीचा वर्ग दिलेला असतो. वर्ग ‘नियमनाबाहेर’ असला, तरी संबंधित सेवा द्रव स्वीकारते का, हे काउंटरवर विचारावे. अनेक कुरिअर कंपन्या सरसकट नकार देतात.

बांधणीचे तत्त्व जागतिक टपाल संघाच्या नियमांत आहे : न गळणारा डबा, भोवती द्रव पूर्ण शोषून घेईल एवढा भुसा किंवा कापूस, आणि बाहेर झाकण न सुटणारे भक्कम खोके. डबा काठोकाठ भरू नये, कारण उष्णतेने द्रव फुगतो आणि विमानात बाहेरचा दाब कमी होतो. झाकणावर टेप, त्यावर जाड प्लास्टिक पिशवी आणि खोक्यावर वरची बाजू दाखवणारे बाण हवेत. आतल्या मालाचे खरे, पूर्ण नाव लिहावे. नुसते ‘गाडीचे सामान’ पुरेसे नाही.

पेट्रोल, ॲसिड आणि स्प्रे यांच्यासाठी मात्र कोणतीही घरगुती बांधणी पुरत नाही. ते जवळच्या दुकानातूनच घ्यावेत, किंवा धोकादायक माल रीतसर नेणाऱ्या वाहतूकदाराकडे द्यावेत.