भुताचे जाळे आणि मावशीची पाटी



पाऊस ओसरल्यावर बदलापूर गावात उल्हास नदीच्या काठी गेले, की झाडांच्या खालच्या फांद्यांना पिशव्या, चिंध्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे लोंबताना दिसतात. यंदा एका तुकड्यात खेकडा अडकून वाळून गेलेला होता. जाळ्याचा मालक कोण, ठाऊक नाही. मालकाशिवायही ते आपले काम करीतच होते.

परदेशात अशा जाळ्याला 'भुताचे जाळे' म्हणतात. पूर्वीची सण-सुताची जाळी हरवली तरी कुजून जात. नायलॉन कुजत नाही, झिजून त्याचे बारीक कण होतात. कासवाला श्वासासाठी वर यावे लागते. जाळ्यात अडकले की ते बुडून मरते. समुद्रातल्या कचऱ्याचा सुमारे दहावा हिस्सा मासेमारीच्या अशा सामानाचा, असा अंदाज राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २००९ साली मांडला होता. आम्ही बदलापूरकर समुद्र बघायला लोकलने जातो. आमची नदी मात्र वसईच्या खाडीतून थेट तिथेच पोचते, काठावरचा सगळा कचरा घेऊन.

डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने एक योजना आणली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी कोळ्याने जाळे कापले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. योजना चांगलीच आहे. पण वादळात तुटून गेलेल्या जाळ्याचे काय? दुरुस्तीपलीकडे फाटलेले जाळे बंदरावर कुणी घेणारच नसेल, तर ते जाणार कुठे? कोळी काही हौसेने जाळे पाण्यात सोडत नाही.

आणि भरपाई मिळाली तरी ती जाळ्याच्या मालकाला. नौका, जाळे बहुतेक पुरुषाच्याच नावावर. नव्या जाळ्यासाठी दागिने मात्र बाईचे गहाण पडतात, आणि कर्ज तिच्या पाटीवरच्या मासळीतून फिटते. आमच्या बाजारात बसणारी मावशी म्हणाली, "जाळं गेलं की पहिली माझी पाटी हलकी होते, बाई."

म्हणून माझी मागणी साधी आहे. बंदराबंदरावर जुनी जाळी वजनावर विकत घ्यावीत, आणि तो काटा मासळी विकणाऱ्या बायांच्या संस्थेच्या हाती असावा. याचे निवेदन पुढच्या बैठकीत मांडते आहे. किनाऱ्यावरच्या गटांनी तोवर एवढेच कळवावे: तुमच्याकडे फाटकी जाळी कुठे टाकतात, आणि ती उचलते कोण?