अनुभव द्यायचा कोणी?

संगणकशास्त्राच्या पदवीधराने हिंजवडीत अर्ज करावा, तर दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. तो द्यायचा कोणी? गिरणीतला बदली कामगारही शिकला तो यंत्रावर, आणि भरलेल्या दिवसाची मजुरी घेऊन. आज मालकवर्गाने शिकवण्याचा भार सरकारी तिजोरीवर टाकला आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना पाहा. बी.सी.ए. झालेल्यांनाही ती खुली करण्यात आली. तेव्हा ठरले दरमहा ५,००० रुपये. त्यांतले ४,५०० सरकारचे, कंपनीचे अवघे ५००, आणि तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून! म्हणजे स्वतःच्या कामासाठी माणूस घडवणे हा धर्मादाय ठरला. वर्षभर राबूनही नोकरीची हमी नाहीच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा ३० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर बंधनकारक आहे. हिंजवडीत तो किती पाळला जातो, याचा कंपनीवार हिशेब शासनाने जाहीर करावा.