वेळापत्रकात दिसणारी श्रद्धा

अमेरिकेत मे महिन्याची १ तारीख जवळ आली की बारावीच्या मुलांच्या घरात एकच विषय असतो: कोणत्या कॉलेजला होकार कळवायचा? कॅथलिक घरांत या चर्चेला आणखी एक पदर असतो. कॉलेजच्या नावात संत आहे, इमारतीवर क्रूस आहे, माहितीपत्रकात चॅपेलचा सुंदर फोटो आहे. पण चार वर्षांनी मुलगी तिथून बाहेर पडेल तेव्हा तिची श्रद्धा जाणती झालेली असेल की गळून गेलेली असेल? वसई, वांद्रे किंवा गोव्यातून तिकडे जाऊन स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांसमोरही हाच प्रश्न आहे. त्या देशात दोनशेहून अधिक कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं आहेत, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझं मत आधीच सांगते. कॉलेज ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी एकनिष्ठ आहे का, हे चॅपेलपेक्षाही तिथल्या वेळापत्रकावरून ओळखावं.

हे अंतर पडलं त्याला इतिहास आहे. जुलै १९६७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या लँड ओ'लेक्स इथे नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने कॅथलिक उच्चशिक्षणातली मंडळी जमली. कॅथलिक विद्यापीठाला खरी स्वायत्तता हवी, कोणत्याही सत्तेपुढे, धर्मसत्तेपुढेही, त्याचं शैक्षणिक स्वातंत्र्य अबाधित राहिलं पाहिजे, असं निवेदन त्यांनी काढलं. त्याच वर्षी नोत्र दाम आणि सेंट लुईस या विद्यापीठांचा कारभार प्रापंचिकांचं बहुमत असलेल्या विश्वस्त मंडळांकडे गेला. या मंडळींच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. देशातल्या नामवंत विद्यापीठांच्या पंक्तीत आपल्या संस्थांनी मानाने बसावं, ही त्यांची तळमळ होती. शिवाय कॅथलिक विद्यापीठात ईशज्ञानाचे जाणकार अभ्यासक अग्रस्थानी हवेत, हेही त्याच निवेदनात होतं. दुर्दैवाने स्वायत्ततेचा भाग लगेच अमलात आला आणि ईशज्ञानाचा भाग बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांविषयी 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हा दस्तऐवज काढला तो या पार्श्वभूमीवर. विद्यापीठ ख्रिस्तसभेच्या हृदयातून जन्माला आलं आहे, ही त्याची भूमिका. त्यातले नियम नेमके आहेत. शिक्षकवर्गात कॅथलिकांव्यतिरिक्त इतरांचं बहुमत होता कामा नये. आणि १९८३ च्या कॅनन लॉच्या ८१२ व्या कलमाप्रमाणे ईशज्ञान शिकवणाऱ्याकडे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्याची, म्हणजे बहुधा स्थानिक बिशपांची, अनुज्ञा हवी. अमेरिकेतल्या बिशपांनी १९९९ मध्ये आपली नियमावली मंजूर केली आणि २००१ मध्ये ती लागू झाली. तरीही घरोघरच्या पालकांना नेमकं काय बघावं ते कळेना. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कार्डिनल न्यूमन सोसायटीने २००७ मध्ये निवडक कॉलेजांची मार्गदर्शिका काढली ती त्यांच्यासाठी.

त्या संस्थेने एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश विचारवंत कार्डिनल न्यूमन यांचं नाव घेतलं ते योग्यच झालं, कारण या प्रश्नाचा गाभा त्यांनीच सर्वांत स्वच्छ मांडला. १८५२ मध्ये डब्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांचा युक्तिवाद असा होता: सर्व ज्ञान एकमेकांत गुंतलेलं आहे. त्यातलं एक शास्त्र काढून टाकलं तर त्याची जागा रिकामी राहत नाही. शेजारची शास्त्रं आपली हद्द ओलांडून तिथे शिरतात. ईशज्ञान वर्गाबाहेर गेलं की माणूस म्हणजे काय, हे अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र परस्पर ठरवू लागतं, आणि तो त्यांचा प्रांत नव्हे. म्हणून रविवारी गर्दीने मिस्सा होणारं, पण सोमवार ते शुक्रवार श्रद्धेचा एकही प्रश्न वर्गात न येणारं कॉलेज मला अपुरं वाटतं. तिथली मुलगी वीस वर्षांची होते तेव्हा तिचं रसायनशास्त्र पदवीचं असतं आणि धर्मज्ञान दृढीकरणाच्या वर्गातलं. पहिला अवघड प्रश्न समोर आला की हे धर्मज्ञान टिकत नाही, आणि दोष त्या मुलीचा नसतो.

तेव्हा पालकांनी विचारावं ते असं. पदवीसाठी ईशज्ञानाचे आणि तत्त्वज्ञानाचे किती विषय सक्तीचे आहेत? त्या विषयांत ख्रिस्तसभेची शिकवण खरोखर शिकवली जाते, की धर्मांची तुलना करणारा कोणताही विषय घेतला तरी चालतं? शिक्षकांकडे बिशपांची अनुज्ञा आहे का, आणि कॉलेज ते उघडपणे सांगतं का? वसतिगृहाचे नियम काय आहेत? मिस्सा रोज होते का, पापनिवेदनासाठी फादर कधी भेटतात?

उत्तरं निरनिराळी येतील, आणि एकनिष्ठ कॉलेजांचाही एकच साचा नाही हे त्यातून कळेल. कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये सुरू झालेल्या थॉमस अ‍ॅक्वायनस कॉलेजात चारही वर्षं सर्वांना एकच अभ्यासक्रम आहे. पाठ्यपुस्तकं नाहीत, युक्लिड, अ‍ॅरिस्टॉटल, न्यूटन, संत थॉमस यांचे मूळ ग्रंथ वाचून टेबलाभोवती चर्चा करायची. व्हर्जिनियातलं १९७७ चं ख्राइस्टेंडम कॉलेज आपलं स्वातंत्र्य जपण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा घेत नाही. ओहायोतल्या स्टूबेनव्हिलचं फ्रान्सिस्कन विद्यापीठ १९४६ चं. फादर मायकल स्कॅनलन १९७४ मध्ये तिथे अध्यक्ष झाले आणि त्यांनी वसतिगृहांत एकत्र प्रार्थना करणारे, एकमेकांना सांभाळणारे छोटे गट उभे केले. त्या संस्थेचा कायापालट तिथून सुरू झाला. वॉशिंग्टनचं कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका तर बिशपांनीच १८८७ मध्ये स्थापन केलं, आणि तिथे इंजिनिअरिंग, नर्सिंगही शिकता येतं. आपल्या घरांत ही गोष्ट महत्त्वाची, कारण मुलाला पोटापाण्याचं शिक्षण हवं असतं आणि त्यात गैर काही नाही.

एकनिष्ठ म्हणजे भेदरलेलं, असं मात्र कुणी समजू नये. जगाकडे पाठ फिरवून बसलेलं, विज्ञानाचं नाव काढताच बिचकणारं कॉलेज कॅथलिक परंपरेला धरून नाही. विश्वाच्या प्रसरणाची आणि आदिअणूची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते आणि लूव्हांच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक होते. श्रद्धेवरचे सर्वांत कठीण आक्षेप मुलाने चांगल्या शिक्षकासमोर बसून ऐकावेत, मूळ पुस्तकांतून वाचावेत, हेच कॅथलिक कॉलेजचं काम. आक्षेपच कानांवर पडू न देणारी संस्था मुलाला पुढच्या आयुष्यात निःशस्त्र सोडते.

मार्गदर्शिकेतलं नाव हा अखेरचा शब्दही नव्हे. पैशांची अडचण असते, हवा तो विषय नसतो, अंतर असतं. अशा मुलांसाठी सरकारी किंवा इतर विद्यापीठांत न्यूमन केंद्रं, म्हणजे कॅथलिक विद्यार्थ्यांची केंद्रं, आहेत. पहिला न्यूमन क्लब १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला. जिथे असं केंद्र जागं आहे, फादर भेटतात, वाचनगट चालतात, तिथली मुलं श्रद्धेत मागे पडतात असं मानायचं कारण नाही. मात्र वर्गात जे मिळणार नाही ते मुलाला स्वतः वेळ काढून मिळवावं लागेल, हे आधीच त्याच्याशी बोलून ठेवावं.

इथे महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. जेझुइट फादरांनी १८६९ मध्ये सुरू केलेलं मुंबईचं सेंट झेवियर्स घ्या किंवा नंतरची कॉलेजं घ्या. संविधानाच्या ३० व्या कलमाने आपल्याला ती चालवण्याचा हक्क दिला, आणि त्यांची दारं सर्व धर्मांच्या मुलांसाठी उघडी राहिली, याचा मला अभिमान आहे. पण पदवीच्या अभ्यासक्रमात ईशज्ञानाला जागा नाही. म्हणून इथे ती जबाबदारी कॉलेजच्या बरोबरीने धर्मग्रामावर येते. दृढीकरण झालं की आपलं धार्मिक शिक्षण थांबतं. अठरा ते बावीस या वयातल्या मुलांसाठी किती धर्मग्रामांत नियमित, कसदार अभ्यासवर्ग चालतात? अमेरिकेतल्या पालकांनी कॉलेजला विचारायचे प्रश्न आपण आपल्या चर्चला विचारायला हवेत.

तिकडच्या पालकांना शेवटचं एक सांगते. होकार कळवण्याआधी एक पूर्ण दिवस त्या कॉलेजात काढा. मुलाला वर्गात बसू द्या, आणि तुम्ही शेवटच्या वर्षातल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारा: या वर्षी श्रद्धेबद्दलचा कोणता अवघड प्रश्न वर्गात निघाला, आणि शिक्षकांनी त्यावर काय सांगितलं? तो थोडा वेळ विचार करून सविस्तर बोलू लागला, तर खुशाल मुलाला तिथे पाठवा. त्याला असा एकही प्रश्न आठवला नाही, तर चॅपेल कितीही देखणं असो, दुसरं कॉलेज बघा.