पाणी कुठे मुरते ते आधी पाहू



गळीत हंगामात आपल्या धुराड्यातून आणि गरम पाण्यातून बरीच उष्णता वाया जाते, हे कारखान्यात एकदा फिरून आलेल्या कोणालाही सांगायला नको. या उष्णतेवर छोटी वीजयंत्रे बसवावीत, असे आता बोलले जाते. लवकर उकळणारा, शीतयंत्रातल्यासारखा द्रव तापवायचा, त्याची वाफ 'एक्स्पांडर'मधून सोडायची. ती फुगताना यंत्र फिरते आणि वीज होते. कल्पना खोटी नाही. अलास्कातील चेना येथे २००६ साली अवघ्या ७४ अंशांच्या झऱ्याच्या पाण्यावर अशी यंत्रे सुरू झाली. शीतयंत्राचा कॉम्प्रेसर उलटा चालवावा, तशी त्यांची घडण.

पण हुरळून जाण्याआधी हिशेब करू. तिथे थंड करायला ४ अंशांचे पाणी मिळते. आपल्याकडे ३० अंशांच्या आसपासचे. कमाई ठरते ती गरम आणि थंड यांतील फरकावर. ७४ आणि ४ अंशांत शंभर भाग उष्णतेतून फार तर २० भाग काम निघेल. ७४ आणि ३० अंशांत १३ सुद्धा नाही. चेनाच्या पदरातही प्रत्यक्षात ८ च्या आसपासच पडले. मग तेच यंत्र इथे आणून तेवढीच वीज कशी मिळेल?

दुसरी गोष्ट गळतीची. बेल्जियममधील लीजच्या संशोधकांनी २००९ साली एका छोट्या स्क्रोल एक्स्पांडरची चाचणी प्रसिद्ध केली. आदर्श यंत्राच्या मानाने त्याने जास्तीत जास्त ६८ टक्के काम दिले. बाकीचे गेले कुठे, याचे गणित त्यांनी मांडले आणि मोजमापाशी पडताळले. मुख्य चोर निघाली आतली गळती. अहो, विहिरीवर मोटार किती पाणी उपसते ते आपण बघतो, पण पाटात किती मुरते आणि सरीत किती पोचते, यावरच पीक येतं ना? तसेच हे.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, यंत्राच्या पाटीवरचा आकडा बघून भागभांडवलाला हात लावू नये. विकणाऱ्याकडून चाचणीचा कागद मागावा. तो आपल्या तापमानाचा, आपल्या पाण्याचा आणि अर्ध्या भाराचाही असावा. पंप आणि पंखे जी वीज खातील ती वजा करूनच उरलेली धरावी. हंगाम चार-पाच महिन्यांचा. तेव्हा परतफेडीचे गणित बारा महिन्यांवर मांडू नये. आणि त्याआधी कारखान्यातली वाफेची गळती बंद करावी. त्याला नवे यंत्र लागत नाही.

आम्ही नव्याच्या विरोधात नाही. ऊस घालताना आपण काटा तपासून घ्या म्हणतो, साखरेचा उतारा रोज विचारतो. मग यंत्राचाच उतारा न विचारता पैसे का मोजायचे? तो पैसा शेवटी उसाच्या बिलातूनच जायचा. येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न सभासदांनी जरूर विचारावा.