वैशाखातला बहावा

मुलांनो, उन्हाळ्याला आपण सारेच नावे ठेवतो. ऊन भाजते, विहिरी आटतात. ही तक्रार खोटी नव्हे. तथापि कालिदासाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘ऋतुसंहार’ काव्याचा आरंभ ग्रीष्मानेच होतो. या ऋतूत पाहण्याजोगे काहीच नसते, तर कवीने त्याला हा मान दिला असता काय?

आमच्या शाळेच्या आवारात एक बहावा होता. एका चैत्रात त्याच्या उघड्या फांद्या पाहून तो वाळला असे मी समजलो व तो तोडण्याचा बेत केला. सुदैवाने ते काम लांबणीवर पडले. वैशाखात तेच झाड सोनपिवळ्या घोसांनी लवून गेले! पाने गाळून त्याने, पानांवाटे उडून जाणारे पाणी राखले होते. तेव्हापासून उघड्या फांदीवरून झाडाची आणि एका परीक्षेवरून मुलाची पारख मी कधी केली नाही.

मनाची शांती सावलीत आयती मिळत नाही. जे राखता येत नाही ते सोडावे आणि आपले काम धीराने करीत राहावे, यातच ती आहे, असे मला वाटते. या सुटीत एखाद्या पहाटे झाडाखाली घटकाभर स्वस्थ बसा. हा धडा वैशाख तुम्हांलाही शिकवील.