एमआरआयचं चुंबक आणि हेलिपॅडवरचं होकायंत्र

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेशच्या एम्समधून 'संजीवनी' ही हेली-अँब्युलन्स सेवा सुरू झाली. डोंगरातला पेशंट थेट हॉस्पिटलच्या आवारात उतरणार, ही चांगलीच गोष्ट आहे. पण हॉस्पिटलमध्ये हेलिपॅड आलं की एक प्रश्न सोबत येतो: एमआरआय मशीन त्यापासून किती लांब आहे?

हा प्रश्न माझा नाही. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनची हेलिपोर्ट डिझाइनची मार्गदर्शिका सांगते की एमआरआयमुळे हेलिकॉप्टरचं होकायंत्र तात्पुरतं चुकू शकतं, म्हणून पायलटसाठी तशी पाटी लावावी.

आता आकडे बघू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला असतं. एमआरआयच्या आत १.५ किंवा ३ टेस्ला, म्हणजे ३० ते ६० हजार पट. अंतर दुप्पट झालं की ते साधारण आठपट कमी होतं आणि आजच्या मशीनना शील्डिंगही असतं. त्यामुळे काही डझन मीटरवर फारसं काही उरत नाही. पण होकायंत्र क्षेत्राचा फक्त आडवा भाग वापरतं आणि अमेरिकेत तो जेमतेम २० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो. बाजूने ७ मायक्रोटेस्लाचा धक्का बसला, तरी दिशा सुमारे २० अंशांनी चुकते. शिवाय हे चुंबक सुपरकंडक्टिंग असतं. स्कॅन बंद असला तरी ते रात्रंदिवस चालूच.

मला खरी गंमत, आणि खरी भीती, वाटते ती पुढच्या भागाची. बऱ्याच हेलिकॉप्टरमध्ये जायरो दिशा धरून ठेवतो आणि चुंबकीय सेन्सर त्याला हळूहळू दुरुस्त करत राहतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला सेन्सर फ्यूजन म्हणतो. पेशंट चढेपर्यंत हेलिकॉप्टर पॅडवर चालू स्थितीत थांबलं, तर ही 'दुरुस्ती'च जायरोला चुकीची दिशा शिकवते. उड्डाणानंतर चुंबक मागे राहतं, पण चूक काही वेळ सोबत येते. रात्री, ढगात, तोच वेळ महत्त्वाचा.

"मग जीपीएस आहे ना?" आहे, पण साधा जीपीएस तुम्ही कुठे सरकताय ते सांगतो, नाक कुठे आहे ते नाही. एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरला हा फरक चांगलाच जाणवतो.

उपाय महाग नाही. अनेक यंत्रणांमध्ये पायलट सेन्सरची दुरुस्ती बंद करून जायरो मोकळा ठेवू शकतो. पण त्यासाठी जवळ चुंबक आहे हे त्याला माहीत हवं. म्हणून ती पाटी महत्त्वाची. नवीन एमआरआय रेडिओलॉजी विभाग बसवतो आणि हेलिपॅड दुसरंच कुणीतरी सांभाळतं. मशीन बदलल्याचा एक निरोप पायलटपर्यंत पोहोचला पाहिजे, एवढंच.